पितृपक्षातली तारीख

ताई, तुझ्या तेराव्याला गोड काय करायचं यावरून तुझ्या घरात वाद झाला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं असतं, म्हणून मृणालने मला फोन केला, "मावशी, आईला काय आवडायचं गं?" आधी मला प्रश्नच कळला नाही. पोटची पोर, तुझ्या हातचं खाऊन सव्वीस वर्षांची झाली, आणि तिला आईची आवड माहीत नाही! मग लक्षात आलं, तिने तुला काही आवडीने खाताना पाहिलंयच कुठे? मुगाचं धिरडं, वाफवलेला दुधी, मोजलेले बदाम, आणि डोंबिवलीतल्या त्या डाएटवाल्या बाईंचं हिरवं पाणी. भावोजी म्हणाले, श्रीखंड. मी म्हटलं, खरवस. शेवटी तुझ्या सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "तिला गोडाचं काही नव्हतं. गरम भात, मेतकूट आणि वर तूप. लग्न होऊन आली तेव्हापासून." तेराव्याला मेतकूट-भात कोण वाढणार, म्हणून जिलबी आणली. त्यांनी मात्र कुणाला न सांगता एका वाटीत तो भातही कालवून तुझ्या फोटोपुढे ठेवला.

लोकांचा आग्रह चालूच होता. मीही दोन जिलब्या खाल्ल्या. माझ्या अंगाला त्या लागणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. लहानपणी आपण एका ताटात जेवलो, तरी तू अशी आणि मी अशी. आई चारचौघांत म्हणायची, "मोठीकडे बघून वाटतं खात्यापित्या घरची आहे, आणि धाकटीकडे बघून वाटतं आम्ही उपाशी ठेवतो." सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्याने तू हसायचीस, म्हणून मला वाटायचं तुला ते चालतं.

ताई, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सांगणारच आहे. पण त्याआधी मला थोडं भांडून घेऊ दे. दोन वर्षं आपण दोघींनी दुसरं काही केलेलं नाही, आणि तू गेल्यापासून माझ्याशी कुणी धड भांडलेलं नाही. सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. मला ते सहन होत नाही.

तू ऑपरेशनचं पहिल्यांदा बोललीस ते आमच्या कोपरच्या रिक्षा स्टँडवर. तू माझ्याकडे जेवायला आलेलीस, मी तुला सोडायला निघालेले. शेअर रिक्षात मागे एक बाई आधीच बसली होती. रिक्षावाल्याने तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही मागच्या रिक्षाने या ना. मला तिघं बसवायचेत." मी त्याच्यावर तुटून पडले. "अरे, तू रिक्षा चालवतोस का वजनकाटा घेऊन फिरतोस?" रांगेतली माणसं हसली. मला वाटलं, मी काय मस्त सुनावलं. तू वळून चालायला लागली होतीस. औषधाच्या दुकानापर्यंत गेलीस आणि शटरला हात टेकून धापा टाकत उभी राहिलीस.

"शुभे, मी ते पोटाचं ऑपरेशन करून घेणार आहे."

"एका रिक्षावाल्यासाठी?"

"नाही गं. माझ्या नखांसाठी."

मला माहीत नव्हतं, ताई. तुला वाकता येत नव्हतं म्हणून तुझ्या पायांची नखं मृणाल कापायची. एक रविवार सोडून एक रविवार, तू स्टुलावर पाय ठेवायचीस आणि ती खाली बसायची. "उद्या तिचं लग्न झालं की काय करू? नखं कापायला जावयाला बोलवू?" असं म्हणालीस आणि मी नेहमीसारखी हसले. "हसू नकोस. मला माझी नखं कापायचीत, खाली मांडी घालून बसायचंय, आणि तो भोंगा न लावता झोपायचंय. मला काही हिरॉइन व्हायचं नाहीये." भोंगा म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं ते मशीन, नाकातोंडावर मुखवटा लावायचं. एकशे अठरा किलो, साखर, बीपी, गुडघे, आणि वर हा भोंगा. तुझं मागणं किती लहान होतं ते मला आज दिसतं.

माझ्याकडे दारूगोळा भरपूर होता. मी विज्ञान शिकवते, मला वाचायची खोड आहे, आणि मोबाइलवर वाचायला गेलं की माणसाला हवं तेच सापडतं. जठराचा मोठा भाग कापून टाकतात, तो परत लावता येत नाही. टाक्यातून गळू शकतं. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. भूल तुझ्यासारखीला आधीच जोखमीची. एवढं करून वजन पुन्हा वाढणारे लोकही आहेत. आणि सगळ्यात वर आमच्या बिल्डिंगमधल्या सुलभाकाकूंचा भाचा. हेच ऑपरेशन करून हसत घरी आला आणि आठवड्याच्या आत गेला. त्याची आई जिन्यात बसून ओरडत होती ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते मी तुला किती वेळा ऐकवलं असेन याची मोजदाद नाही. तो आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता, ताई, आणि त्या बाईच्या जागी मला मीच दिसायचे. हे मात्र मी तुला एकदाही सांगितलं नाही. मला भीती वाटते, एवढं साधं वाक्य मला बोलता आलं नाही. मी तुला नुसती माहिती देत राहिले.

तू मला कोलशेतला कुंदाताईंकडे घेऊन गेलीस. डॉक्टरांच्या दवाखान्यात तुझी त्यांच्याशी ओळख झाली होती, त्यांचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. मला वाटलं होतं बाई गोडवे गातील. तसं काही नव्हतं. "केस मूठमूठ गळले हो वर्षभर. दंडाची कातडी बघा, लोंबते. गोळ्या आता जन्मभर. लग्नाकार्यात दोन घास जास्त गेले की उठून बाथरूम गाठायला लागतं, आणि आग्रह करणाऱ्यांना वाटतं हिला अन्न आवडलं नाही. पहिले चार महिने मी रोज रडायचे, कशाला केलं म्हणून." मी तुझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण इन्सुलिन सुटलं माझं. नातवाच्या मागे खाडीपर्यंत धावते. परत विचाराल तर परत करीन."

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "बघ, केस गळतात."

"केसांनी कुणी मेलंय का, शुभे?"

सर्जनकडे मी वही घेऊन आले होते. सतरा प्रश्न लिहून. तो माणूस शांत होता, एकेक उत्तर देत गेला, काहीही लपवलं नाही. मी विचारलं, "म्हणजे धोका आहेच ना?" ते म्हणाले, "आहे. म्हणून तर सही घेतो. पण मॅडम, ऑपरेशन न करण्यातही धोका आहे. त्यावर कुणी सही मागत नाही, म्हणून तो दिसत नाही." मी हे वहीत लिहून घेतलं नाही. मग त्यांनी तुला विचारलं, तुमचं काही? तू एकच विचारलंस, "मला खाली वाकता येईल ना?"

तिथून बाहेर पडल्यावर, लिफ्टजवळ, मी ते बोलले. "तोंडावर ताबा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती. ही चोरवाट आहे, ताई." तू लिफ्टचं बटण दाबत राहिलीस. मग म्हणालीस, "जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे." बस्स. भांडली असतीस तर बरं झालं असतं. बाळकुमला तुझ्या घरापर्यंत तू रिक्षातून बाहेर बघत होतीस.

आता खरं सांगते. मला तुझ्यासाठी भीती वाटत होती, हे खरंच. पण तळाशी आणखी एक गोष्ट होती. जन्मभर फोटोत तुझ्या शेजारी उभी राहून मी बारीक दिसले. मला स्वयंपाक येत नाही, माझं कुणाशी पटत नाही, लोक तुझ्याकडे येतात आणि माझ्याकडून निघायची घाई करतात. मग माझ्याकडे काय होतं? ताबा. 'शुभाचा तोंडावर ताबा आहे बाई.' तो ताबा नव्हताच, नुसती हाडं होती. तू चार महिन्यांत बारीक झाली असतीस तर माझ्याकडे काय उरलं असतं? हे मी कुणाला बोलले नाही. तुलाच सांगू शकते, कारण ऐकून तू "वेडी आहेस का गं" एवढंच म्हणाली असतीस आणि चहा टाकला असतास.

तारीख मिळाली. गौरी-गणपती तुला सोडायचे नव्हते, म्हणून तू नंतरची मागून घेतलीस. सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी. आधी पंधरवडाभर नुसतं पातळ घ्यायचं होतं, यकृत लहान व्हावं म्हणून. विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू सुरू केलंस. चौथ्या दिवशी मला फोन करून म्हणालीस, "शुभे, पावडर पिऊन पिऊन जिभेला पीठ चिकटलंय, पण मी मोडलं नाही हं." तुझा तो आवाज दहावी पास झालेल्या मुलीचा होता.

त्याच दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, मी तुझ्या सासूबाईंना फोन केला.

मी, ताई, मी! ग्रहणात वर्गातल्या पोरांना मुद्दाम बिस्किटं खायला घालणारी. आपल्या आईबाबांचंही श्राद्ध न करणारी. मी म्हटलं, "काकू, सहज विचारते हं. ताईची तारीख पितृपक्षात येते ना? तुमच्याकडे चालतं का?" मग काकू म्हणाल्या, "अगं बाई." मी म्हटलं, "नाही, मी आपलं सहज." फोन दोन मिनिटंही चालला नाही. नंतर मी डबा खाल्ला आणि आठवीचा तास घेतला.

मी स्वतःला सांगितलं, नाही कुठे म्हणतेय मी, जरा पुढे ढकलतेय. तेवढ्यात हिचं मन वळेल. संध्याकाळपर्यंत काकूंनी जाहीर केलं, पितृपक्षात माझ्या सुनेचं पोट फाडायचं असेल तर मी अन्नाला शिवणार नाही. भावोजी आईपुढे कधी बोललेत? त्यांनी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला फोन केला. पुढची तारीख कोजागिरीनंतरची मिळाली.

तू मला फोन केलास तेव्हा रडत होतीस. तुला रडताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय. "चार दिवस पाळलं गं मी. चार दिवस! सुशिक्षित घर आपलं, आणि पितृपक्ष? आईंना हे कुठून सुचलं? तीस वर्षांत त्यांनी मला कधी असलं काही सांगितलं नाही."

मी म्हणाले, "म्हातारं माणूस आहे, सुचतं काहीतरी. महिनाभराने काय फरक पडतो?"

फरक पडला. नवरात्रातल्या सातव्या माळेला, दुपारची पावडर पिऊन खुर्चीत बसल्या बसल्या तुझा डोळा लागला. एवढ्याशा डुलकीला भोंगा कोण लावतं? मृणाल चहा घेऊन आली तेव्हा तू नव्हतीस. हृदय थांबलं म्हणाले. घरात बसवलेले घट तसेच हलवावे लागले.

तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमधून आठवणीचा फोन आला. पेशंटला उद्या सकाळी उपाशीपोटी आणा, पाणीसुद्धा नको. भावोजी "हो, हो, आणतो" म्हणाले आणि फोन ठेवून तसेच उभे राहिले. मग मीच सर्जनना फोन करून कळवलं. आणि विचारलंही, वेळेवर झालं असतं तर वाचली असती का? ते म्हणाले, "ज्या हृदयाने घरी दगा दिला, ते टेबलावरही दगा देऊ शकलं असतं. कदाचित तपासणीत सापडलंही असतं. मॅडम, मला हे माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्या कुणाचंही तुम्ही ऐकू नका." इतकी वर्षं मुलांना शिकवलं की नीट तोललं की उत्तर मिळतं. याला उत्तर नाही, ताई. धोके, फायदे सगळे मांडून झाले, आणि मला जन्मभर माहीत होणार नाही की मी तुला मारलं की नाही.

पण एक माहीत होतं. काकू आल्यागेल्याला सांगत होत्या, "माझ्या खुळापायी गेली. मीच अडवलं." पंच्याऐंशी वर्षांची बाई, येईल त्याच्यासमोर हात जोडत होती. आणि लोक, आपले सुशिक्षित लोक, मान हलवून गप्प बसत होते, म्हणजे हो, तुमच्यामुळेच. मीही तिथेच सतरंजीवर बसून होते. तू शेवटचे अठरा दिवस त्यांच्याशी बोलली नव्हतीस, हे मला मृणालने सांगितलं. ताट वाढलं की 'वाढलंय' एवढंच. त्यांनी तुझ्यासाठी केलेल्या मेतकूट-भाताला तू हात लावला नाहीस.

काल मी बाळकुमला गेले. भावोजी आणि मृणाल तुझे कागद घेऊन बाहेर गेले होते. काकू पलंगावर बसल्या होत्या, समोर चहा निवला होता. मी खाली बसले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही सगळ्यांना असं का सांगता? फोन मी केला होता."

"माहीत आहे. मीच तर घेतला."

"सहज नव्हता केला. मुद्दाम केलेला. मला ते ऑपरेशन व्हायला नको होतं."

"तू कधीपासून पंचांग बघायला लागलीस, एवढं कळतं मला." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "भीती मलाही वाटत होती गं. पण तिच्या तोंडावर नको म्हणायचा धीर नव्हता. तू कारण दिलंस, मी पदर पसरून घेतलं."

मला वाटलं होतं त्या रडतील, मला हाकलून देतील. हाकललं असतं तर मी कृतज्ञतेने गेले असते. मी म्हटलं, "मग ताईला सांगायचं होतंत ना माझं नाव."

"तिने विचारलं की मला. तीनदा विचारलं. आई, हे तुमचं नाही, तुमच्या डोक्यात कुणी घातलं ते सांगा. म्हटलं, माझंच आहे." त्यांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "तुमचे आईवडील नाहीत. तिला माहेर म्हणजे तू एकटी. तुझं नाव घेऊन मी तिचं माहेर तोडू? सासूवर काय, सुना रागावतातच. मिटतं ते. मला वाटलं, मिटेल."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे घेतले नाहीत, की माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती गेली त्या दिवशी सकाळी तुलाच फोन केलेला ना तिने?"

"हो."

"मी आत होते. घटाला माळ करत होते. वीस-एक मिनिटं बोलली असेल. केवढी हसत होती! घरात तिचं हसणं ऐकून किती दिवस झाले होते. मला बरं वाटलं." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, एखादं लहान मूल खाऊ मागताना बघतं तसं. "काय सांगत होती गं?"

ताई, मला आठवेना. तू हसत होतीस आणि मी एका हाताने पेपर तपासत हं, हं करत होते. कुणाची तरी नक्कल केलीस, एवढं आठवतं. कुणाची ते आठवत नाही. ती वीस मिनिटं त्यांची होती. माझ्यासाठी त्यांनी ती सोडून दिली होती, आणि मला त्यातला एक शब्दसुद्धा त्यांना परत देता आला नाही.